हातीपायी धड राहण्यासाठी : ज्येष्ठांच्या लसीकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पावसाळ्यापूर्वीच्या काळजीविषयी लिहिताना, साठीच्या पुढच्या वाचकांनी फ्लूची लस टोचून घ्यावी, असे एक वाक्य मी ओघात लिहिले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यायचे ठरवले. बहुतेक पत्रे मुलांची, सुनांची आणि लेकींची आहेत. ज्यांच्या दंडावर सुई टोचायची त्यांनी स्वतः लिहिलेली थोडीच आहेत, म्हणून सुरुवात आणि शेवट त्यांच्याच पत्रांनी करतो. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावे वगळली आहेत.

माझे वय ७४. प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो. आजवर एकदाही दवाखान्यात दाखल झालेलो नाही. मुलगा लशींसाठी मागे लागला आहे. लसी लहान मुलांच्या असतात, असेच आम्ही शाळेत शिकवत आलो. पिकल्या पानाला लस टोचून काय साधणार? — एक निवृत्त शिक्षक, वाई

गुरुजी, आपल्या हातावर देवीच्या लशीचा वण अजून असेल. आपल्या लहानपणी लस टोचण्याला 'देवी काढणे' असेच म्हणत, आणि देवी काढणारा माणूस गावात आला की मुले माळ्यावर दडून बसत. त्या वणांमुळेच १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर करता आले. मात्र लस ही केवळ मुलांची गोष्ट आपल्याकडे तेव्हाही नव्हती. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, ती आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. ती सगळी प्रौढ माणसेच होती.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात. वयात आल्यापासूनच ही ग्रंथी आक्रसू लागते आणि साठीनंतर तिचा फारच थोडा भाग कामाचा उरतो. त्यामुळे जुन्या ओळखीच्या जंतूंशी शरीर बरे लढते, पण नव्या किंवा रूप बदललेल्या जंतूपुढे ते गोंधळते. आजवर आपण आजारी पडला नाहीत ही आनंदाची गोष्ट आहे, पण पंचाहत्तरीतले शरीर चाळिशीतल्या शरीराच्या जमेवर फार काळ चालत नाही.

माझ्याकडे येणारे एक आजोबा रोज पहाटे घराजवळच्या टेकडीवर जात असत. एका जुलैत त्यांना फ्लू झाला, त्यातून न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस रुग्णालयात काढावे लागले. ताप गेला, एक्स-रे स्वच्छ झाला, घरी जायचा दिवस उजाडला, आणि खाटेच्या कडेला बसलेल्या आजोबांना उभे राहता येईना. दोन्ही तळहात गादीवर रोवून त्यांनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्या वेळी मुलाने काखेत हात घातला. त्यांच्या पायांना कसलीही इजा झाली नव्हती. ते नऊ दिवस निजून होते, एवढेच घडले होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते, आणि तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू झडले. तरुण माणूस ही तूट महिन्याभरात भरून काढतो. सत्तरीनंतर ती बऱ्याचदा कधीच पुरती भरत नाही. आमचे आजोबा पुन्हा चालू लागले, पण टेकडी सुटली ती सुटलीच.

आपल्याकडची वडीलधारी माणसे 'हातीपायी धड असेतोवर जावे, कुणाच्या हातचे करून घ्यायची वेळ येऊ नये' असे म्हणतात. मला त्यांचे हे म्हणणे मनापासून पटते, आणि त्याच म्हणण्यासाठी मी लशींचा आग्रह धरतो. मरण लांबवणे हा या आग्रहाचा एक भाग झाला. आजारातून उठल्यावरही आपली अंघोळ, आपला जिना आणि आपली देवळापर्यंतची फेरी आपल्याच पायांनी व्हावी, हा त्याहून मोठा भाग आहे. हृदयाचेही तेच आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील नोंदींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लूचे निदान पक्के झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सहापट होतो, असे त्यात दिसले. म्हणजे फ्लूचे दुखणे सर्दी-खोकल्यापाशीच थांबते असे नाही.

आणि तरीही २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या 'लासी' या वार्धक्यविषयक पाहणीत, पंचेचाळिशीच्या पुढच्या भारतीयांपैकी फ्लूची लस घेतलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांपर्यंतही पोचलेले नव्हते. लशी बनवण्यासाठी जगभर नाव असलेल्या पुण्याच्या राज्यात राहणाऱ्या आपण सर्वांनी यावर विचार करायला हवा.

सासूबाईंना (वय ७०) गेल्या वर्षी जूनअखेरीस फ्लूची लस दिली. आठवडाभरातच त्यांना सर्दी आणि ताप आला. लशीनेच दुखणे आणले, असे म्हणून त्या या वर्षी नाही म्हणत आहेत. शिवाय ही लस दर वर्षी का घ्यायची, हेही कुणी नीट सांगत नाही. — एक सून, नाशिक

ज्येष्ठांना आपल्याकडे दिली जाणारी फ्लूची लस मारलेल्या विषाणूंच्या तुकड्यांपासून बनते, त्यामुळे त्या लशीने फ्लू होणे शक्य नाही. लस घेतल्यावर एक-दोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे किंवा थोडी कणकण वाटणे हे मात्र होऊ शकते. सासूबाईंच्या बाबतीत दोनपैकी एक गोष्ट घडली असावी. लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि जूनअखेरीस पावसाबरोबर फ्लू गावात आलेला असतो, तेव्हा त्या दोन आठवड्यांच्या फटीत त्यांना तो गाठू शकला. किंवा त्यांना झालेली सर्दी फ्लूची नव्हतीच, कारण सर्दी आणणारे विषाणू कितीतरी आहेत आणि ही लस त्यांपैकी फक्त फ्लूसाठी आहे.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. युरोप-अमेरिकेत फ्लू हिवाळ्यात येतो. महाराष्ट्रात त्याचा मुख्य जोर जून ते सप्टेंबर असतो आणि हिवाळ्यात एक छोटी लाट येते. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला होता, ते भर पावसाळ्याचे दिवस अनेकांना आठवत असतील. आपल्याकडे एप्रिल-मे हा लस घेण्याचा उत्तम काळ होय. तो हुकला तर जूनमध्ये घ्यावी. उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये.

दर वर्षी घेण्याचे कारण विषाणूच्या स्वभावात आहे. तो सतत रूप पालटतो, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लशीत कोणते विषाणू असावेत हे ठरवते. लस घेताना 'या हंगामाची नवी लस आहे ना' एवढे अवश्य विचारावे. एक गोष्ट मी लपवून ठेवणार नाही. लशीची आणि विषाणूची जुळणी चांगली असलेल्या वर्षीही दवाखान्यात जावे लागेल इतका फ्लू होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते, आणि वयोवृद्धांत हा लाभ त्याहून उणाच असतो. तरीही मी ही लस स्वतः दर मे महिन्यात घेतो आणि माझ्या आईलाही देतो, कारण लस घेऊनही फ्लू झालेली माणसे रुग्णालयात आणि अतिदक्षता विभागात कमी पोचतात.

वय ६८, पंधरा वर्षांपासून मधुमेह, पूर्वी विडी ओढत असे. एका डॉक्टरांनी न्यूमोनियाची लस आयुष्यात एकदाच घ्यायची असते, असे सांगितले. दुसऱ्यांनी दोन घ्यायला सांगितले. औषधाच्या दुकानात तिसरेच सांगितले. खरे कोणाचे मानायचे? — एक वाचक, सोलापूर

तिघेही कदाचित आपापल्या परीने बरोबर सांगत असावेत, कारण या लशी एकाहून अधिक प्रकारच्या आहेत. न्यूमोनिया आणणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूभोवती साखरेच्या रेणूंचे एक कवच असते, आणि त्या कवचावरून या जंतूचे शंभरच्या आसपास प्रकार पडतात. जुनी २३ प्रकारांची लस नुसत्या कवचापासून बनते. तिची शक्ती काही वर्षांत ओसरते. नव्या पद्धतीच्या लशींत हेच कवच एका प्रथिनाला जोडलेले असते, त्यामुळे शरीर ती ओळख पक्की लक्षात ठेवते. यातली १३ प्रकारांची लस आपल्याकडे अनेक वर्षे वापरात आहे. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५ हजार लोकांवर तिची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि लशीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया तिने सुमारे ४५ टक्क्यांनी कमी केल्याचे त्यांत दिसले. जंतू रक्तात पसरण्याचा गंभीर प्रकार ७५ टक्क्यांनी घटला.

आपण आधी १३ प्रकारांची लस घेतली तर एक वर्षानंतर २३ प्रकारांची घ्यावी. आधी २३ ची घेऊन झाली असेल तरीही वर्षभराने दुसरी घेता येते. एकाच टोचणीत वीस प्रकार असलेली लस मिळत असेल तर तीच पुरते. मधुमेह आणि विडीने शिणलेली फुप्फुसे, या दोहोंमुळे आपण ही लस टाळू नये असे मी निक्षून सांगेन. विडी सोडलीत, याबद्दल आपले अभिनंदन.

माझ्या पतींना (वय ६६) सात महिन्यांपूर्वी छातीवर आणि पाठीवर नागीण उठली. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकत्र आले की माणूस दगावतो, असे शेजारी म्हणाले म्हणून आम्ही घाबरून आधी गेरू लावणाऱ्या एका बाईंकडे गेलो. सहाव्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. फोड बरे झाले, पण आग अजून जात नाही. त्यांना बनियनही सहन होत नाही. बसले की दोन बोटांनी सदरा अंगापासून वर धरून बसतात. आता लस दिली तर दुखणे जाईल का? आणि मी घ्यावी का? माझे वय ६१. — एक वाचक, कोल्हापूर

ताई, दोन बोटांनी सदरा वर धरून बसणारी माणसे मी इतक्यांदा पाहिली आहेत की आपले पत्र वाचताना ते चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले. या उत्तराला थोडी अधिक जागा देतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी तो निपचित पडून राहतो. पन्नाशीनंतर, किंवा मधुमेह, कर्करोग, स्टिरॉइडची औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. प्रत्येक मज्जातंतूचा पट्टा पाठीपासून छातीपर्यंत शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून फोडांची रांगही मध्यरेषेपाशी थांबते. तोंड आणि शेपूट एकत्र न येण्याचे कारण एवढेच आहे. ही समजूत मी खेड्यात ऐकली आहे तशी शहरातल्या उच्चशिक्षित घरांतही ऐकली आहे, आणि तिच्यामुळे होणारे नुकसान मोजता येण्यासारखे आहे: विषाणूविरोधी गोळ्या पहिले फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो, आणि नेमके तेच तीन दिवस गेरूत आणि मंत्रात जातात. यात आपला दोष नाही. भीतीने माणूस जवळचे दार ठोठावतो. वाचकांना मात्र कळकळीने सांगतो की, अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोडांची रांग उठली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही लगेच दाखवावे, कारण तेव्हा दृष्टीला धोका असतो.

आपल्या पतींना होणारी आग ही होरपळलेल्या मज्जातंतूची वेदना आहे. ती लशीने जाणार नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही ती फारशी हटत नाही, उलट त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर मूत्रपिंडांना अपाय होतो. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी वेगळी औषधे असतात. ती अल्प प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि सुरुवातीला गुंगी येत असल्यामुळे रात्री उठताना तोल सांभाळावा लागतो. 'आता सहन करायचे' असे कुणी सांगितले असेल तर ते मानू नका. नागीण पुन्हा होऊ शकते, त्यामुळे पुढचा विचार करून त्यांनाही लस देता येते. बहुतेक डॉक्टर त्यासाठी आजारानंतर काही महिने थांबायला सांगतात.

आपण स्वतः ही लस घ्यावी. नागिणीची नवी लस भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नाही, आणि ती दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घ्यायची असते. मोठ्या चाचण्यांत पन्नाशीवरील लोकांत तिने नागीण ९७ टक्क्यांनी टाळली, सत्तरीवरील लोकांतही सुमारे ९० टक्क्यांनी टाळली, आणि अकरा वर्षांच्या पाठपुराव्यातही तिचा बराचसा गुण टिकून राहिलेला दिसला. इतक्या वयात इतके यश देणारी लस मी दुसरी पाहिलेली नाही. पहिले दोन दिवस दंड चांगलाच दुखतो, ताप आणि थकवा येतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे दुसरी मात्रा चुकवण्याचा मोह होणार नाही. अडचण पैशाची आहे. एका मात्रेला दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पडतात, आणि पेन्शनवर चालणाऱ्या घराला हे परवडणे सोपे नाही. हात आखडता असेल तर मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी आणि नागिणीच्या लशीसाठी पैसे साठवावेत, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. वाढदिवसाला वडिलांना काय द्यावे, असे विचारणाऱ्या मुलांनाही मी ही लस सुचवतो.

नागिणीची लस घेतल्याने विसराळूपणाचा आजार होत नाही, असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरत आहे. त्यात तथ्य आहे का? — एक वाचक, दादर

अंशतः आहे. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून ज्येष्ठांना नागिणीची लस देणे सुरू झाले, तेव्हा २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळेल, असा नियम होता. त्यामुळे केवळ आठवड्याभराच्या फरकाने जन्मलेल्या, बाकी सर्व बाबतींत सारख्या असलेल्या माणसांचे दोन गट आपोआप तयार झाले. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, लस घेतलेल्यांमध्ये पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाची नवी निदाने सुमारे एक पंचमांशाने कमी झाली, आणि स्त्रियांत हा लाभ अधिक दिसला. पण ती जुनी, जिवंत विषाणूची लस होती, आणि एक पंचमांशाने कमी म्हणजे 'होत नाही' असे नव्हे. लस नागिणीसाठी घ्यावी.

२०२४ मध्ये कोविशील्डविषयीची बातमी आल्यापासून वडील (वय ७१) कोणतेही इंजेक्शन घ्यायला तयार नाहीत. त्यात पुण्यात जीबीएसचे (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या विकाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. — एक वाचक, रत्नागिरी

वडिलांच्या भीतीला हसण्यावारी नेऊ नका. त्या बातमीत तथ्य होते: अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात, आपल्या लशीमुळे (आपल्याकडची कोविशील्ड म्हणजे तीच लस) अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा विकार होऊ शकतो, हे मान्य केले. तो विकार प्रामुख्याने पहिल्या मात्रेनंतरच्या काही आठवड्यांत दिसत असे. वडिलांनी ती लस २०२१ मध्ये घेतली असेल तर तो काळ केव्हाच मागे पडला आहे. शिवाय ती लस दुसऱ्या एका विषाणूच्या वाहनातून दिली जात होती, आणि फ्लू, न्यूमोनिया व नागीण यांच्या लशी त्या पद्धतीने बनत नाहीत.

जानेवारी २०२५ मधील पुण्याच्या जीबीएसच्या रुग्णांचा संबंध मुख्यतः दूषित पाण्यातून पोटात जाणाऱ्या जंतूंशी होता, लशीशी नव्हता. फ्लूच्या लशीनंतर जीबीएस होऊ शकतो, पण दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला. खुद्द फ्लूमुळे तो होण्याची शक्यता याहून जास्त असते. ज्यांना पूर्वी फ्लूची लस घेतल्यावर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झालेला आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती पुन्हा घेऊ नये. हे सगळे वडिलांना तुम्ही ऐकवण्यापेक्षा त्यांना त्यांच्या विश्वासातल्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

वडील (वय ७७) शेती करतात. महिन्यातून एकदा तरी पायाला कुदळ नाहीतर काटा लागतो. प्रत्येक वेळी धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे का? — एक वाचक, जालना

प्रत्येक वेळी नको. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे शेतकऱ्याने या लशीत खंड पडू देऊ नये हे खरे, पण लहानपणीच्या मात्रा पूर्ण झालेल्यांना दहा वर्षांतून एकदा पुरते. जखम खोल आणि मळलेली असेल आणि आधीच्या मात्रेला पाच वर्षे उलटली असतील तर आणखी एक द्यावी. वडिलांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. देशात मुलांच्या लसीकरणाचा व्यापक कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, म्हणजे लहानपणीच्या मात्रा त्यांना बहुधा मिळालेल्याच नाहीत. त्यांना एकदाच तीन मात्रा पूर्ण द्याव्यात: पहिली, महिन्याने दुसरी, आणि सहा ते बारा महिन्यांनी तिसरी. आपल्याकडे २०१९ पासून शासकीय कार्यक्रमात नुसत्या धनुर्वाताच्या 'टीटी' लशीऐवजी 'टीडी' आली आहे. तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण मिळते.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे (वय ६९ आणि ६५) सप्टेंबरअखेरीस सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला जात आहोत. फ्लूची लस मे महिन्यात घेतली आहे. आणखी काही हवे का? — एक वाचक, पुणे

एक लस नक्की हवी आणि ती बाळासाठी हवी. धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्रित लस निघण्यापूर्वी, बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेण्याच्या निदान दोन आठवडे आधी, दोघांनीही घ्यावी. मोठ्यांत डांग्या खोकला नुसत्या रेंगाळणाऱ्या खोकल्यासारखा वाटतो, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या तो जिवावर बेतू शकतो.

तिकडचा फ्लूचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो, म्हणून तिकडची नवी लस तिथे पोचल्यावर घ्यावी. मेमधल्या लशीनंतर इतक्या महिन्यांनी ती घेण्यात कसलीही जोखीम नाही. तिथे ६५ वर्षांवरील लोकांना जास्त शक्तीची लस देतात. श्वसनमार्गाला ग्रासणाऱ्या आरएसव्ही नावाच्या विषाणूची लसही अमेरिकेत २०२३ पासून ज्येष्ठांना मिळते. ती ७५ वर्षांवरील सर्वांना आणि त्याहून कमी वयाच्या, हृदयाचे किंवा फुप्फुसांचे आजार असलेल्यांना सुचवली जाते. पाहुण्यांच्या प्रवास-विम्यात लशींचा खर्च सहसा धरलेला नसतो, तेव्हा इथे मिळणाऱ्या लशी इथेच घेऊन जाणे शहाणपणाचे ठरेल.

लस अंगी लागावी म्हणून आधी-नंतर काय खावे? — एक वाचक, अमरावती

वेगळे काही नाही. पण रोजच्या खाण्याविषयी लिहायला आपण निमित्त दिलेत. कवळी नीट बसत नाही म्हणून रात्री चहात पोळी बुडवून खाणारे, आणि तेवढ्यावरच झोपणारे कितीतरी वृद्ध मी पाहतो. वजनाच्या दर किलोमागे रोज निदान एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. दाट वरण, मऊ शिजवलेली मटकी, पिठले, दही, ताक, चालत असेल तर अंडे किंवा मासा, यांतून ती मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. दात आणि कवळी दुरुस्त करून घेणे हाही आहाराचाच भाग आहे. चालण्याच्या जोडीला, खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठण्या-बसण्याचा सराव रोज करावा.

ह्यांना बायपासनंतर सगळ्या लशी दिल्या. माझे कुणी विचारले नाही, मीही मागितल्या नाहीत. वय ७८. मी फारशी बाहेर पडत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. मला लागेल का? — एक आजी, चिपळूण

आजी, आपल्यालाही लागतील, आणि ह्यांना दिल्या तेव्हाच आपल्यालाही द्यायला हव्या होत्या. आजार घरात आणायला आपण बाहेर पडावे लागत नाही. शाळेतून येणारी नातवंडे तो आणतात, आणि घरात कुणी आजारी पडले की त्याच्या उशाशी बहुधा आपणच असता. या वर्षी फ्लूची आणि न्यूमोनियाची, अशा दोन लशी एकाच दिवशी दोन दंडांवर घेता येतील. रक्त पातळ करण्याची गोळी बंद करू नये. टोचणाऱ्यांना तिच्याबद्दल सांगावे, बारीक सुई वापरायला सांगावे आणि नंतर ती जागा न चोळता दोन-तीन मिनिटे कापसाने घट्ट दाबून धरावी. ती गोळी वॉरफेरिन असेल तर शेवटच्या आयएनआर तपासणीचा (रक्त किती पातळ आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा) कागद सोबत न्यावा.

लस औषधाच्या दुकानातून आणायची असेल तर मुलाला सांगा की ती खिशात घालून आणू नये. बर्फाच्या पिशवीसह थर्मासमध्ये आणावी, पण बर्फाला थेट टेकू देऊ नये, कारण गोठलेली लस निकामी होते. त्या दिवशी सैल बाहीचे पोलके घालून जा. लस घेतल्यावर वीस मिनिटे तिथेच बसा. आणि ह्यांच्या फाइलमध्ये नोंद करून देऊ लागले तर नको म्हणा. वेगळे कार्ड मागून घ्या आणि त्यावर आपले नाव लिहून घ्या.